एका एंजिनाचा कनेक्टिंग रॉड दुसऱ्या एंजिनात : यंत्रदुरुस्तीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

ठाणे-बेलापूर रस्त्यावरील तुर्भे हे मूळचे खाडीकाठचे गाव. एका बाजूस पारसिकच्या रांगेचे काळे पाषाण, दुसऱ्या बाजूस खाजण, आणि मध्ये भातशेतीचा चिंचोळा पट्टा, अशी या परिसराची जुनी रचना होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या पट्ट्यात रसायने, औषधे व यंत्रे यांचे कारखाने उभे राहू लागले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, १९७३ मध्ये वाशी येथे खाडीवरील पूल रहदारीस खुला झाला, आणि पुढच्या दोन दशकांत मुंबईच्या घाऊक बाजारपेठा टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे आल्या. डोंगरातील दगडखाणींचा माल, कारखान्यांचा कच्चा माल आणि बाजाराचा शेतमाल ही तिन्ही ओझी एकाच वाहनावर येऊन पडली. ते वाहन म्हणजे मालट्रक. जेथे ट्रक थांबतो तेथे तो दुरुस्तही होतो. म्हणून गोदामांच्या जोडीने गॅरेजांची वस्ती वाढणे ओघानेच आले.

अशा वस्तीत वारंवार उपस्थित होणारा एक प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे. एका एंजिनाचा कनेक्टिंग रॉड दुसऱ्या एंजिनात चालेल काय? या प्रश्नाला महाराष्ट्रात निदान पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. तो कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत आढळत नाही, उद्योगपतींच्या चरित्रांतही त्याला जागा नाही. किर्लोस्कर, कूपर, वालचंद यांच्या उद्योगांचा इतिहास मराठीत बऱ्यापैकी लिहिला गेला. त्यांची यंत्रे विकली गेल्यानंतर वीस-वीस वर्षे ज्यांनी ती चालती ठेवली त्यांचा मात्र लिहिला गेला नाही. ही उणीव केवळ न्यायाच्या दृष्टीने खटकते असे नाही. देशात यंत्रे बनविण्याची पात्रता कशी आली याचे उत्तरही त्यामुळे अर्धवट राहते.

कनेक्टिंग रॉडचे काम थोडक्यात सांगता येते. पिस्टन सिलिंडरमध्ये सरळ रेषेत वरखाली जातो. क्रँक गोल फिरतो. या दोन गतींना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. परिभाषेत त्यास संयोगदांडा असे सुबक नाव मिळाले, परंतु कारखान्यात ते कोणी उच्चारीत नाही. तेथे ‘कनेक्टिंग’ एवढे म्हटले की पुरते. त्याचे वरचे लहान टोक पिस्टनच्या पिनवर आणि खालचे मोठे टोक क्रँकपिनवर बसते. मोठे टोक दोन भागांचे असून खालची टोपी बोल्टांनी आवळलेली असते. दोन भोकांच्या मध्यांमधील अंतर ही रॉडची लांबी. एंजिनात याच्याइतका दुटप्पी ताण सहन करणारा भाग दुसरा नाही. स्फोटाच्या वेळी तो दाबला जातो, आणि धूर बाहेर टाकून पिस्टन माथ्यावर पोचतो त्या क्षणी तोच रॉड ताणला जातो. ताणाच्या वेळी बोल्ट तुटला तर रॉडचा मोकळा तुकडा ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो, आणि दुरुस्तीचा प्रश्न संपून नव्या एंजिनाचा प्रश्न सुरू होतो. कर्जाऊ ट्रकच्या मालकाला या दोन प्रश्नांतील फरक समजावून सांगावा लागत नाही.

अदलाबदलीची गरज उत्पन्न कशी झाली हे पाहण्यासाठी १९४५ नंतरच्या मुंबईकडे वळावे लागते. महायुद्ध संपल्यावर लष्कराने टाकून दिलेली वाहने ‘डिस्पोजल’च्या मालातून बाजारात आली. जीप, शेवरोले आणि फोर्ड यांचे ट्रक नागरी वाहतुकीत शिरले. जनरल मोटर्स ही कंपनी १९२८ पासून शिवडी येथे सुट्या भागांची जुळणी करून वाहने विकत होती. फोर्डचीही मुंबईत जुळणी होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने असे धोरण घेतले की, ज्यांच्याकडे देशात भाग बनविण्याची योजना नाही त्यांनी नुसत्या जुळणीचा व्यवसाय चालू ठेवू नये. १९५४ च्या सुमारास या दोन्ही परदेशी कंपन्यांनी येथील काम आवरले. धोरण म्हणून ते दूरदृष्टीचे होते यात संशय नाही. परंतु कंपन्या गेल्या तरी त्यांचे ट्रक येथेच राहिले. त्यात १९५७ पासून परकीय चलनाची टंचाई तीव्र झाली व आयात परवाने आखडले. अस्सल सुटा भाग मिळणे नशिबावर अवलंबून राहिले, आणि ऑपेरा हाऊसजवळील मोटारभागांची दुकाने, कुर्ल्याचा भंगारबाजार व चोरबाजार ही ठिकाणे मुंबईतील मिस्त्रींची जणू संदर्भालये बनली. तेथे रॉड वजनावर किंवा नगावर मिळत असे. तो कोणत्या एंजिनाचा हे विकणाऱ्यास नेहमीच ठाऊक असे असे नाही.

या काळात रॉड जुळविणे शक्य झाले त्याला धातुशास्त्रातील एक कारण आहे, आणि ते नीट पाहण्यासारखे आहे. शेवरोलेच्या २१६ घनइंची सहा सिलिंडरांच्या एंजिनात मोठ्या टोकास सुटी बेअरिंग नसत. कथील हा मुख्य घटक असलेली व्हाइट मेटल रॉडच्या भोकातच ओतलेली असे. टोपीखाली एक लहानशी पळी असून ती प्रत्येक फेऱ्यात तेल उचलून घेई. ही रचना या कंपनीने १९५३-५४ मध्ये सोडली, परंतु येथील रस्त्यांवर तिचे आयुष्य त्यानंतरही बरेच उरले होते. बेअरिंग झिजली की मिस्त्री जुनी धातू वितळवून काढी, भोकाला कल्हई करी, मध्ये गाभा धरून नवी धातू ओती, आणि मग लेथवर क्रँकपिनच्या मापाचे भोक करी. पिनला निळी लावून रॉड फिरवावयाचा, जेथे निळी उठेल तो उंचवटा खरवडावयाचा, पुन्हा फिरवावयाचा. टोपीच्या सांध्यात पितळी पत्र्याचे पातळ थर घालून फट नियमित करावयाची. हे काम तासांचे नव्हे, दिवसांचे असे.

येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, व्हाइट मेटल ओतण्याच्या पद्धतीत रॉडचे भोक कायमचे ठरलेले नसते. क्रँक घासून बारीक केला तर धातूचा थर जाड करता येतो. परक्या रॉडचे भोक काहीसे मोठे असेल तर तेही भरून काढता येते. मध्य किंचित सरकवून रॉडची लांबी केसभर कमीजास्त करणेही साधते. अर्थात थर फार जाड झाला की ही मऊ धातू ठोक्यांनी पसरते व तडकते. तरी मर्यादेत राहून एका एंजिनाचा रॉड दुसऱ्यास देण्याची सोय या धातूनेच करून दिली. १८३९ मध्ये अमेरिकेत आयझॅक बॅबिट याने जिचे पेटंट घेतले, ती धातू शंभर वर्षांनी मुंबईच्या गॅरेजांत परवाना-पद्धतीवरील उतारा ठरावी, हा योग इतिहासात नमूद करण्याजोगा आहे.

जीपची गोष्ट वेगळी. तिच्या मोठ्या टोकास पोलादी पाठीच्या तयार बेअरिंग होत्या, म्हणजे ‘शेल’. क्रँकपिन घासली तर त्या मापाची कमी व्यासाची शेल आणावी लागे. ओतून भागविण्याची सोय नव्हती. परंतु जीपला दुसरी एक अनुकूलता होती. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. जुन्या जीपचे एंजिन बाजूच्या व्हाल्वांचे, पुढच्या ‘हरिकेन’ एंजिनात आत घेण्याचे व्हाल्व डोक्यावर गेले. परंतु दोहोंचा व्यास ३ १/८ इंच आणि स्ट्रोक ४ ३/८ इंच हाच राहिला. विलिसच्या कारखान्याने वरचा भाग बदलला व खालची घडण टिकविली. एका एंजिनातून दुसऱ्यात रॉड नेण्याचा हा प्रकार कारखान्यानेच, आपल्या सोयीसाठी, केलेला होता. मिस्त्रीने तोच केला म्हणजे त्याला ‘जुगाड’ म्हणावयाचे, आणि कारखान्याने केला म्हणजे ‘प्रमाणीकरण’ म्हणावयाचे, ही भाषा तपासून पाहण्याची गरज आहे.

जीपच्या रॉडमध्ये एक सापळाही होता. तो मध्यरेषेपासून किंचित एका बाजूस कललेला असतो, म्हणजे मोठ्या टोकाच्या दोन कडा सारख्या रुंद नसतात. शिवाय तेल फवारणारे बारीक छिद्र एकाच बाजूस असते. एकाच एंजिनातले पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरांचे रॉडही म्हणून सरसकट एकमेकांच्या जागी जात नाहीत. उलटा बसविलेला रॉड फिरतो, एंजिन सुरूही होते. दोष कळतो तो पुढे, घाटात.

आता शेतीच्या एंजिनांकडे पाहावे लागेल, कारण पश्चिम महाराष्ट्रातील यंत्रज्ञान ट्रकांइतकेच विहिरींवर वाढले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली ती नांगर व चरक बनविण्यासाठी. सातारारोड येथे कूपर यांच्या कारखान्यात आडव्या डीझेल एंजिनांची घडण १९३० च्या दशकात होऊ लागली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली. तिचे एव्ही-१ हे उभे एंजिन ब्रिटिश पीटर एंजिनाच्या वंशातले : व्यास ८० मि.मी., स्ट्रोक ११० मि.मी., मिनिटाला १५०० फेरे, ५ अश्वशक्ती. पुढे त्याच घराण्यात टीव्ही-१ आले. त्याचा स्ट्रोक तोच, ११० मि.मी.; व्यास मात्र ८७.५ मि.मी. आणि शक्ती ७ अश्वशक्ती. या टीव्ही-१ ची मापे भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत पाठ असतात, कारण करंजाच्या तेलापासून इतर पर्यायी इंधनांपर्यंत असंख्य प्रयोग याच एंजिनावर झाले. त्याच्या रॉडची लांबी २३४ मि.मी. आहे.

येथे एक विलक्षण योगायोग समोर येतो. जीपच्या रॉडची लांबी ९ ३/१६ इंच, म्हणजे २३३.४ मि.मी. आहे. जीपचा स्ट्रोक १११.१ मि.मी. व व्यास ७९.४ मि.मी., म्हणजे एव्ही-१ च्या मापांना लागूनच. अमेरिकेतील लष्करी गाडी आणि खडकीचे शेतीपंपाचे एंजिन यांच्या कुळांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरी फूटपट्टीवर त्यांचे रॉड भावंडे वाटावेत इतके जवळ येतात. नुसत्या लांबीवरून ‘चालेल’ म्हणणाऱ्यास याहून मोठा मोह नाही. आणि तो रॉड चालणार नाही याची कारणे पाहिली की या विद्येचे अंतरंग उघड होते.

पहिला प्रश्न दाबाचा. स्ट्रोक रॉड ठरवीत नाही, क्रँक ठरवितो. रॉडची लांबी ठरविते ते पिस्टन माथ्यावर किती वर पोचतो हे. टीव्ही-१ मध्ये कोंडलेल्या हवेचे प्रमाण १७.५ ला १ असे आहे. एका फेऱ्यात पिस्टन ६६१ घनसेंटिमीटर हवा सारतो, म्हणून माथ्यावर उरणारी जागा सुमारे ४० घनसेंटिमीटर. रॉड १ मि.मी. आखूड पडला तर या जागेत ६ घनसेंटिमीटरांची भर पडते आणि प्रमाण १७.५ वरून सुमारे १५.३ वर उतरते. जुन्या मिस्त्रींचे माप सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक सूत चूक झाली तर प्रमाण १२ च्या आसपास येते, आणि डीझेलला पेट घेण्यापुरती हवा तापतच नाही; पहाटेच्या थंडीत तर हँडल मारून हात भरून येतील, एंजिन सुरू होणार नाही. हीच १ मि.मी. ची चूक जीपमध्ये झाली तर तिचे प्रमाण साधारण साडेसहावरून ६.२ वर येते, आणि चालकाला ती जाणवणारही नाही. पेट्रोल एंजिनाच्या सवयीत तयार झालेल्या हातांना डीझेलने नवी शिस्त लावली ती येथे. माप सुतावरून हजारांश इंचावर आणि तेथून मिलिमीटरच्या शतांशावर गेले. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशात दशमान पद्धती आली खरी. गॅरेजात मात्र ती कायद्यामुळे कमी आणि जर्मन वंशाच्या डीझेल एंजिनांमुळे अधिक रुजली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

वरील योगायोगाच्या उदाहरणात लांबीचा फरक ०.६ मि.मी. आहे. त्याने प्रमाण १६ पर्यंत उतरेल, म्हणजे एंजिन कदाचित चालूही होईल. खरा अडथळा ताकदीचा आहे. अशा डीझेल एंजिनात स्फोटाचा कमाल दाब वातावरणाच्या सत्तर पटींच्या घरात जातो, ८७.५ मि.मी. व्यासाच्या पिस्टनवर तो सुमारे ४ टनांच्या ओझ्याएवढा होतो. बाजूच्या व्हाल्वांच्या पेट्रोल एंजिनात हे ओझे त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते. जीपचा रॉड तेवढ्यासाठीच घडविलेला. त्याचा पिस्टन पिन बारीक, आणि तोही बुशात मोकळा न फिरता रॉडच्या लहान टोकात स्क्रूने आवळलेला. लहान टोक मोठे कोरून जाड पिन बसवावी तर कडेची धातूच उरत नाही. मूळच्या घडाईत पोलादाचे तंतू ज्या दिशेने वळलेले असतात ते कोरण्याने तुटतात, आणि नेमकी तेथूनच चीर सुरू होते.

दुसरी बाजू वेगाची. पिस्टन माथ्यावर थांबून परत फिरतो तेव्हा रॉडला जी ओढ बसते ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जीपच्या एंजिनात ४००० फेऱ्यांना ही ओढ पिस्टनच्या वजनाच्या सुमारे १२०० पट होते. टीव्ही-१ मध्ये १५०० फेऱ्यांना सुमारे १७० पट. आणि १९३० च्या सुमारास इंग्लंडात निघालेले, पुढे राजकोटच्या कारखान्यांनी ज्याच्या असंख्य प्रतिकृती काढल्या ते लिस्टर जातीचे ६५० फेऱ्यांचे संथ एंजिन घेतले, तर ती जेमतेम ४० पट भरते. पिठाच्या गिरण्यांत आणि विहिरींवर ही संथ एंजिने वर्षानुवर्षे जुळवलेल्या भागांवर चालली, त्याचे रहस्य या आकड्यांत आहे. तेथे थोडा जड रॉड, थोडी वाकडी मध्यरेषा, चार ग्रॅमांचा फरक हे सारे खपून जात असे. तोच मिस्त्री तीच सूट घेऊन ट्रकच्या एंजिनाकडे वळला की बोल्ट तुटत. गावच्या गिरणीत नावाजलेला कारागीर शहराच्या गॅरेजात अपयशी ठरला, तर त्याचे कारण कौशल्याच्या अभावात शोधणे अन्यायाचे होईल. त्याचे कौशल्य दुसऱ्या वेगाचे होते.

एव्ही-१ आणि टीव्ही-१ यांसारख्या एकाच कुळातील एंजिनांमध्येही सावधपणा सुटत नाही. स्ट्रोक समान, म्हणून क्रँकची त्रिज्या ५५ मि.मी. हीच. परंतु मोठ्या पिस्टनचे क्षेत्रफळ जवळजवळ २० टक्क्यांनी अधिक आहे. तितक्याच दाबाला रॉडवरचे ओझे तितकेच वाढते. लहान एंजिनासाठी घडविलेला भाग मोठ्यात घालण्यापूर्वी हा हिशेब करावा लागतो. उलट दिशेने, म्हणजे मोठ्याचा लहानात, धोका ताकदीचा नसून वजनाचा असतो : समतोलासाठी क्रँकवर दिलेली वजने जुन्या रॉडच्या हिशेबाने असतात.

तुर्भ्याच्या रस्त्यावरील ट्रकांचा वंश याच दृष्टीने पाहता येतो. टेल्कोने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला व जमशेदपूर येथे ट्रक बनू लागले. आरंभीच्या ३१२ जातीच्या एंजिनाचा व्यास ९० मि.मी. व स्ट्रोक १२० मि.मी. होता. पुढे टाटांचे ६९२ एंजिन आले; नावातच ६ सिलिंडर व ९२ मि.मी. व्यास सांगितलेला आहे. स्ट्रोक १२० च राहिला. त्यानंतरच्या ६९७ एंजिनात व्यास ९७ आणि स्ट्रोक १२८ मि.मी. झाला. पहिल्या पायरीवर क्रँकची त्रिज्या बदलली नाही, म्हणून एकाच्या भागांकडे दुसऱ्यासाठी पाहणे स्वाभाविक होते. दुसऱ्या पायरीवर त्रिज्या ६० वरून ६४ मि.मी. झाली. पिस्टन ४ मि.मी. अधिक वर जाणार. ते चार मिलिमीटर रॉडच्या लांबीत, पिस्टनच्या उंचीत किंवा ब्लॉकच्या उंचीत कोठे तरी सामावून घ्यावेच लागतात. कारखान्यात हा निर्णय आरेखनाच्या टेबलावर होतो. गॅरेजात हा निर्णय मिस्त्री व्हर्नियर हातात घेऊन करतो, आणि चुकला तर पिस्टन डोक्यावर आदळल्याचा आवाज सर्वांना ऐकू येतो.

पेट्रोल एंजिनाचे भाग डीझेलला लावता येत नाहीत हे एकदा उमगल्यावर मोठ्या उद्योगांनी जो मार्ग घेतला तोही बोधक आहे. त्यांनी भाग न बदलता सबंध एंजिनच बदलले. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या डॉज व फार्गो ट्रकांत ब्रिटिश पर्किन्स डीझेल एंजिने बसू लागली. जीपमध्ये १९७० च्या दशकात इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या वंशातले डीझेल एंजिन आले, आणि त्यानंतर फ्रेंच पूझो जातीचे. रॉडपासून डोक्यापर्यंत सर्व एका हिशेबाचे असल्यामुळे जुळवाजुळवीचा भार एंजिनाकडून गिअरबॉक्स व चॅसी यांच्याकडे गेला. गॅरेजांनीही हेच अनुकरण केले, आणि जुन्या पेट्रोल गाड्यांत डीझेल एंजिन घालणे हा स्वतंत्र धंदाच झाला.

टंचाईचे मूळ मात्र सुट्या भागांच्या घडाईत होते. रॉड हा ओतीव लोखंडाचा चालत नाही. तो पोलाद तापवून, साच्यात ठोकून घडवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे मोठे हातोडे देशात मोजके होते. नीळकंठ कल्याणी यांनी १९६१ मध्ये पुण्यास भारत फोर्ज ही कंपनी स्थापिली. मुंढवा येथील कारखान्यातून १९६६ मध्ये उत्पादन सुरू झाले. क्रँक, रॉड यांसारखे भाग पुण्याच्या परिसरातच घडू लागले, टेल्कोचा पुणे कारखानाही त्याच दशकात आकारास आला. येथून पुढे परका रॉड जुळविण्याची सक्ती हळूहळू ओसरली. तथापि भारतीय मोटारउद्योगाला सुट्या भागांचा कुशल कारागीर एकदम कोठून मिळाला, या प्रश्नाचे उत्तर केवळ तांत्रिक विद्यालयांत शोधणे पुरेसे नाही. खरवडून बेअरिंग बसविणारे, एका काट्यावर सहा रॉडांची वजने समान करणारे, लांब पिन घालून रॉडची पिळ तपासणारे हात टंचाईच्या वर्षांत तयार झाले होते. नव्या कारखान्यांना या हातांचा लाभ झाला नसेल असे मानणे कठीण आहे.

या प्रकरणात तुर्भ्याचा आणखी एक संबंध येतो, आणि तो गॅरेजाशी नसून तेलाशी आहे. १९६६ मध्ये भारत सरकार व अमेरिकेतील लुब्रिझॉल यांच्या भागीदारीत लुब्रिझॉल इंडिया ही कंपनी निघाली व तिचा कारखाना तुर्भे येथे उभा राहिला. वंगणतेलात मिसळावयाची द्रव्ये ती बनविते. व्हाइट मेटलची जागा तांबे-शिशाच्या शेलांनी घेतली तेव्हा बेअरिंगला अधिक ओझे पेलता येऊ लागले, पण एक नाजूकपणाही आला. तापलेले तेल हवेशी संयोग पावून आम्ल होते आणि ते आम्ल शिसे खाऊन टाकते; डीझेलची काजळी तेलात साचून छिद्रे बुजवते ती वेगळीच. मऊ व्हाइट मेटल धुळीचा कण पोटात घेऊन टाकी. कठीण शेल तो कण क्रँकपिनवर घासत ठेवते. म्हणून नव्या बेअरिंगला नवे तेल अपरिहार्य झाले. पूर्वी मोठ्या टोकाचे आयुष्य मिस्त्रीच्या खरवडणीवर अवलंबून होते. आता त्याचा मोठा वाटा रासायनिक कारखान्याकडे गेला. एकाच गावात रस्त्याच्या एका बाजूस जुने कसब आणि दुसऱ्या बाजूस त्याची गरज कमी करणारे रसायन, अशी ही शेजारधर्माची स्थिती होती.

अदलाबदलीवर शेवटची मर्यादा घातली ती रॉड बनविण्याच्या नव्या पद्धतीने. पूर्वी रॉड आणि टोपी वेगवेगळ्या कापून, सपाट घासून जोडीत. सांधा सपाट असल्यामुळे तो कानसीने किंचित उतरविता येई, पत्रा घालून वाढविता येई, भोक पुन्हा गोल करता येई. जुळवणुकीची सारी विद्या त्या सपाट सांध्यावर उभी होती. गेल्या काही दशकांत अनेक एंजिनांचे रॉड एकसंध घडवून, मोठ्या टोकाला आतून खाच पाडून, एका झटक्याने तोडतात. तुटलेल्या पृष्ठभागाचे खाचखळगे त्याच टोपीशी तंतोतंत बसतात, आणि दुसऱ्या कोणत्याही टोपीशी बसत नाहीत. त्याच जातीच्या, त्याच दिवशी घडविलेल्या शेजारच्या रॉडच्या टोपीशीही नाही. असा सांधा घासता येत नाही, पत्र्याने भरताही येत नाही. २०१७ व २०२० मध्ये लागू झालेल्या भारत-४ व भारत-६ या प्रदूषणमानकांनी एंजिनांतील दाब व मापांची शिस्त आणखी कडक केली. आता अशा एंजिनाचा रॉड खराब झाला की तो टोपीसह, बोल्टांसह, सबंध बदलतात, आणि गॅरेजातील कामगार टोप्या उघडताना प्रथम प्रत्येकीवर सिलिंडरचा क्रमांक लिहून ठेवतो.